फार्गोरेट: पूलमधला सगळ्यांत प्रामाणिक आकडा, पण गोव्यात जपून

फार्गोरेट म्हणजे पूल (खिशांच्या टेबलावरचा, बिलियर्ड्सच्या घरातला खेळ) खेळणाऱ्याची ताकद सांगणारं रेटिंग, आणि त्याचा सगळा कारभार एका नियमावर चालतो. दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये १०० चा फरक असेल, तर वरचा दोन रॅक (बॉल एकदा मांडून खेळलेला एक डाव म्हणजे एक रॅक) काढेपर्यंत खालचा सरासरी एक काढतो. फरक २०० असेल तर चारास एक, ३०० असेल तर आठास एक. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधल्या फार्गो शहरात माइक पेज आणि स्टीव्हन अर्न्स्ट यांनी ही पद्धत उभी केली, नाव तिथूनच आलं. जोशुआ फिलर, फेडोर गोर्स्ट यांच्यासारखे अव्वल व्यावसायिक ८०० च्या वर बसतात. पुरुष, महिला, पोरंटोरं, लीगमधले हौशी, सगळ्यांना एकच पट्टी. व्यावसायिकांसाठी याहून प्रामाणिक माप सध्या तरी नाही. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या क्लबाने ते जसंच्या तसं उचलावं का, याचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही.

आधी करंडकांचं बघू. २०१८ ते २०२४ या काळात नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराची सहा जागतिक अजिंक्यपदं झाली, २०२० मध्ये स्पर्धाच झाली नाही. विजेते पाच निघाले: फिलर, गोर्स्ट, अल्बिन ओशान, शेन व्हॅन बोनिंग आणि फ्रान्सिस्को सांचेझ रुईझ. गोर्स्ट तेवढा दोनदा. खेळ दरवर्षी एवढा वरखाली होत नसतो, रेस (ठरलेले रॅक आधी काढेल तो जिंकला, असा सामना) लहान असते म्हणून असं होतं. रेटिंगमध्ये ३० चा फरक म्हणजे शंभर रॅकमध्ये साधारण ५५-४५. रेस टू ९ मध्ये त्या फरकाचा खेळाडू तीनातले दोनच सामने काढतो, आणि तसे सहा सामने सलग काढण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सगळ्यांहून उजवा असूनही तो बहुतेक वेळा करंडक दुसऱ्याच्या हातात बघतो. बक्षिसाच्या रकमेवर किंवा स्पर्धेच्या गुणांवर बांधलेली क्रमवारी हेच नशीब मोजत बसते. शिवाय जो जास्त स्पर्धांना जातो, तो वर दिसतो.

फार्गोरेट सामना कोणी जिंकला हे विचारतच नाही. ते रॅक मोजतं. ९-८ आणि ९-२ हे त्याच्या लेखी दोन निराळे निकाल आहेत, आणि बलाढ्य खेळाडूने नवख्याला ९-८ ने हरवलं तर त्याचा आकडा खाली येतो.

बुद्धिबळातल्या एलो रेटिंगची ज्यांना सवय आहे, त्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. एलोमध्ये डाव झाला की तुमच्या खात्यात चार गुण जमा, समोरच्याचे चार वजा. इथे खातंच नाही. साठलेले सगळे रॅक एकत्र घेऊन सगळ्यांची रेटिंग रोज नव्याने काढली जातात, आणि जुन्या रॅकचं वजन काळानुसार उतरत जातं. म्हणून तुम्ही घरी बसलेले असलात तरी तुमचा आकडा एक-दोनने हलतो, कारण तुमचे जुने प्रतिस्पर्धी कुठेतरी खेळत असतात. ‘मी खेळलोच नाही, मग कमी कसं झालं’ ही तक्रार हमखास येते. तो दोष नव्हे, पद्धतच तशी आहे.

गणित हाताने करून बघण्यासारखं आहे. क, ख, ग असे तिघे घ्या. क ने ख ला ४०-२० हरवलं, क ने ग ला ४५-१५, आणि ख-ग ३०-३० बरोबरीत. फक्त आपापसातले निकाल बघितले तर क हा ख च्या १०० वर, ग च्या १५८ वर, आणि ख-ग सारखे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तडजोड अशी काढायची: प्रत्येकाने प्रत्यक्षात जिंकलेले रॅक आणि रेटिंगवरून अपेक्षित रॅक यांची बेरीज जुळली पाहिजे. एक रॅक जिंकण्याची शक्यता म्हणजे १ भागिले (१ अधिक २ चा घात, घातांक उणे फरक भागिले १००). एक्सेलच्या सॉल्व्हरला (समीकरणं सोडवून देणाऱ्या सोयीला) हे दिलं की क हा ख च्या १२० आणि ग च्या १३७ वर येतो. ख आणि ग यांच्यात १७ चा फरक पडतो. समोरासमोर बरोबरी, तरीही ख वर, कारण क समोर तो जास्त टिकला. फार्गोरेट हेच करतं, फक्त जगभरच्या खेळाडूंवर.

फार्गोरेटच्या ॲपमध्ये रेटिंगच्या शेजारी रोबस्टनेस असतो, म्हणजे सिस्टिममध्ये त्या माणसाचे किती रॅक आहेत. लोक तो वाचत नाहीत आणि फसतात. रोबस्टनेस २०० च्या खाली असेल तर रेटिंग कच्चं धरतात. सुरुवातीला लीगवाल्याने अंदाजाने दिलेलं स्टार्टर रेटिंग त्यात मिसळलेलं असतं आणि रॅक वाढतील तसा त्याचा वाटा उतरतो. २०० का? साधारण बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेल्या २०० रॅकवर नुसत्या योगायोगाने आकडा २० इकडे-तिकडे होतो. ५० रॅकवर ४०, हजारावर ९. म्हणून ६१२ आणि ६२५ मध्ये कोण सरस यावर पैज लावणाऱ्याने आधी दोघांचा रोबस्टनेस बघावा.

दुसरं माप अ‍ॅक्यू-स्टॅट्स या कंपनीचं टीपीए (टोटल परफॉर्मन्स ॲव्हरेज). पॉट केलेले, म्हणजे खिशात घातलेले बॉल भागिले पॉट अधिक चुका. ०.९०० च्या वर गेलं की व्यावसायिक दर्जाचा खेळ. एका सामन्याचं शवविच्छेदन करायला उत्तम, पण चूक कशाला म्हणायचं हे ठरवणारा जाणकार टेबलाशी बसवावा लागतो. आणि गोव्यात आणखी एक भानगड आहे. जून ते सप्टेंबर कापड दमट होतं, बॉल जड चालतो, एप्रिलमध्ये पुढच्या फटक्याच्या जागी सहज पोचणारा पांढरा बॉल हातभर अलीकडे थांबतो. टीपीए पावसाळ्यात सगळ्यांचंच पडेल. फार्गोरेटला फरक पडत नाही, कारण ओलं कापड दोघांच्या वाट्याला सारखंच येतं आणि ते फक्त दोघांतलं गुणोत्तर बघतं. समुद्राकाठच्या टेबलांसाठी हा गुण लहान नाही.

आता खरी अडचण. रेटिंगमध्ये फरकाला अर्थ आहे, नुसत्या ५५० ला नाही. गोव्यातले चाळीसजण वर्षभर एकमेकांतच खेळले, तर त्यांच्यातलं अंतर अचूक निघेल, पण सगळा गट मिळून ४५० वर आहे की ६०० वर, हे गणिताला कळायला मार्ग नाही. ते ठरतं सुरुवातीच्या अंदाजावर, आणि स्थानिक आयोजक आपल्या पोरांना सढळ हाताने गुण देतो. बाहेरच्या गटाशी सांधा जुळतो तेव्हाच बेट मुख्य भूमीला लागतं. मोसमात मोरजी-हरमलला येणारे परदेशी पाहुणे, ज्यांचं फार्गो आधीच पक्कं आहे, ते इथे कामाला येतात. मात्र शॅकमध्ये बिअरवर खेळलेले पाच रॅक उपयोगाचे नाहीत. पाच रॅकचा निकाल १३० नेही चुकू शकतो, आणि मौजेचे सामने सिस्टिम घेतच नाही. लीग किंवा नोंदवलेली स्पर्धा हवी. असे चार-पाच पाहुणे मिळून ६० रॅक झाले तरी गटाची जागा ३५-४० च्या आत येते. उलट बाजूने, आपले दोन-तीन खेळाडू बाहेरच्या नोंदवल्या जाणाऱ्या स्पर्धेत पाठवणं हाही तोच सांधा.

तोवर काय करायचं? वर दिलेलं एक्सेलचं गणित क्लबापुरतं चालवा आणि सर्वांत जास्त खेळणाऱ्याला मनाने ५०० धरा. अंतरं तीच येतील.

या आकड्याचा रोजचा उपयोग सूट ठरवायला. आपल्याकडे कच्च्या खेळाडूला ‘दोन रॅक सोडले’ म्हटलं की उदारपणा झाला असं मानतात. १०० चा फरक असताना ७ विरुद्ध ५ ची रेस (वरच्याला ७ रॅक हवेत, खालच्याला ५) लावली तर वरचा ७१ टक्के वेळा जिंकतो. ७ विरुद्ध ४ वर ५६ टक्के. ८ विरुद्ध ४ वर ४७, म्हणजे पारडं जवळजवळ सम. सूट न देता रेस टू ५ खेळलं तर ८६ टक्के, रेस टू ९ खेळलं तर ९२. चवथीच्या सुट्टीतल्या एकदिवसीय स्पर्धेत रेस टू ५ ठेवतात ती वेळ वाचवायला, पण दुबळ्याला मिळणारी खरी सूट तीच असते.

उणिवा सांगायच्या तर पोरं. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सहा महिन्यांत झपाट्याने सुधारतो आणि त्याचे जुने पराभव आकड्याला मागे ओढत राहतात. त्याच्याशी पैशांनी खेळणाऱ्याने रेटिंग बघून फुशारू नये. दुसरं, एट-बॉल, नाइन-बॉल, टेन-बॉल सगळं एकाच आकड्यात. ब्रेक (रॅक फोडणारा पहिला फटका) जोरदार पण सेफ्टी (समोरच्याला अडचणीत ठेवणारा बचावाचा फटका) शून्य असलेला माणूस नाइन-बॉलमध्ये रेटिंगच्या वर आणि एट-बॉलमध्ये खाली खेळतो. आकडा त्याची सरासरी सांगतो. मुद्दाम हरून रेटिंग पाडणं इथेही जमतं, पण महाग पडतं: नुसता सामना घालवून भागत नाही, नोंदवल्या जाणाऱ्या सामन्यांत ढीगभर रॅक घालवावे लागतात.

नोंद ठेवताना तीन गोष्टी पाळाव्यात. सूट दिलेले रॅक स्कोअरमध्ये धरू नयेत: ८ विरुद्ध ४ च्या रेसमध्ये कच्चा खेळाडू जिंकला, तर ४-६ असंच लिहायचं. डबल्सचे रॅक वेगळे ठेवायचे. आणि नाव पहिल्या दिवशी लिहिलं त्याच स्पेलिंगने शेवटपर्यंत लिहायचं, कारण एकाच नाईक किंवा गावकराचं नाव दोन तऱ्हेने गेलं की सिस्टिममध्ये दोन माणसं तयार होतात, दोघांचेही रॅक अर्धे, आणि दोघेही २०० च्या खाली अडकतात.