आमच्या रायवळ आंब्याचे वाडगे

मे २०२१च्या तौक्ते वादळात आमच्या गावच्या घरामागचा रायवळ आंबा मुळासकट पडला. तो कुणी लावलेला नव्हता, कोयीतून आपसूक उगवलेला. त्याच्या बिटक्यांचं, म्हणजे छोट्या आंब्यांचं, रायतं खाऊन आमच्या तीन पिढ्या वाढल्या. फांद्या चुलीत गेल्या, पण खोडाचे ओंडके काही मला जाळवेनात. पावसाळाभर ते मांगराच्या, म्हणजे शेतावरच्या खोपटाच्या, पागोळ्यांखाली पडून राहिले आणि दिवाळीत मी ते टेम्पोत घालून सावंतवाडीच्या, लाकूड कातून वस्तू घडवणाऱ्या एका कातारीकाकांकडे नेले.

सावंतवाडी म्हटलं की चितारआळीतली लाकडी फळं आणि त्यांवरची लाखेची चकाकी आठवते. काकांचा हातही त्याच कामात तयार झालेला, पण वाडग्यांना ते रंगाचं बोट लावत नाहीत. रानात झाड जसं दिसतं तसं ते ताटाशेजारी दिसलं पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. त्यांच्या फळीवर एक पसरट वाडगा होता, उलट्या अळंबीसारखा. दुसऱ्याच्या काठाला साल तशीच ठेवलेली. ओंडक्याच्या गोलाईमुळे तो काठ दोन बाजूंना उंच, दोन बाजूंना खाली, अगदी पानाच्या द्रोणासारखा. मला तसाच हवा होता.

वाडगे महिन्याभरात मिळतील अशी माझी समजूत. काकांनी ओंडक्यावर हात ठेवून म्हटलं, "ताई, लाकूड अजून ओला आसा. घाई केलात तर फुटतला." आणि मग आठ महिने लागले. पण ते आठ महिने कुठे गेले ते मी दोनदा जाऊन पाहिलं, म्हणून तक्रार नाही. आधी त्यांनी ओंडक्याचा मधला गाभा काढून टाकला, कारण तडा तिथूनच सुरू होतो. मग लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, जाडेभरडे वाडगे काढले, दहा इंच रुंदीला काठ इंचभर जाड. ते हंड्यात उकळले, भुशाने भरलेल्या पोत्यात पुरून ठेवले आणि दर महिन्याला तराजूवर घातले. प्रत्येकाच्या बुडावर पेन्सिलीने वजनं एकाखाली एक लिहिलेली. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं. तोवर गोल वाडगे वाळून लांबट झालेले असतात, म्हणून ते पुन्हा लेथवर चढवून शेवटची जाडी काढायची.

ती शेवटची फेरी मी शेजारी उभी राहून पाहिली. पटाशी टेकली की लांब, ओलसर वाटाव्यात अशा पातळ ढलप्या खांद्यावरून उडत होत्या, आणि आंब्याच्या फिकट लाकडातून काळ्या रेघा वर येत होत्या. शाईच्या बारीक निबाने नकाशा काढावा तशा. पावसाळ्यात ओंडक्यात बुरशी शिरली होती. दोन बुरशा समोरासमोर आल्या की आपापली हद्द राखायला मध्ये असा काळा बांध घालतात. लाकूड पूर्ण सुकलं की बुरशीची वाढ थांबते, रेघ राहते. आणखी एक पावसाळा ओंडके तिथेच राहिले असते तर हाती भुगाच आला असता.

चार वाडगे झाले, मजुरी प्रत्येकी नऊशे रुपये. लाकूड आमचं असूनही मला ही रक्कम कमीच वाटली. वर अळशीचं तेल आणि मधमाश्यांचं मेण. तेलाचा बोळा काकांनी दोरीवर पसरून वाळत टाकला. गोळा करून कोपऱ्यात फेकला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. तेलाचा वास जायला पंधरा दिवस लागले.

आता दोष सांगते. एका वाडग्याला पहिल्याच पुण्याच्या उन्हाळ्यात काठापासून दोन बोटं तडा गेला. कोकणातल्या दमट हवेत वाळलेलं लाकूड आमच्याकडच्या कोरड्या हवेत आणखी आक्रसलं. पुण्याला न्यायचंय हे मी आधीच सांगितलं होतं, तेव्हा ते आणखी वाळवायला हवे होते असं माझं स्पष्ट मत आहे. काकांनी तो परत घेऊन तड्यात लाख भरून दिली, पैसे घेतले नाहीत. सालीचा काठही जपावा लागतो. धाकटीच्या हातून एक तुकडा निघाला.

बाकीचे तीन रोजच्या वापरात आहेत. चिवडा, लाडू, फळं यांना उत्तम. हळदीचं किंवा पातळ काही घालत नाही, डाग बसतो. धुवायचं तर पटकन, आणि लगेच पुसायचं. वर्षातून दोनदा तेलाचा हात. सालीच्या काठाच्या वाडग्यात मी एकदाच पेज वाढली, आईसाठी. तिने चमचा बाजूला सारला आणि विचारलं, फणसाचं पान आहे का गं घरात? लहानपणी ते पान दुमडूनच तर पेज खायची ती.

तुम्ही लाकूड नेणार असाल तर झाड पडल्यावर लवकर न्या, ओंडक्याची तोंडं मेणाने बंद करून न्या, आणि वाडगा कुठल्या गावात राहणार हे दोनदा सांगा. आमच्या आंब्याचा एक जाडाभरडा वाडगा अजून त्यांच्या पोत्यात आहे. तो आणखी एक उन्हाळा तिथेच राहू दे, असं मी या वेळी स्वतःहून सांगून आले.