जनरेटरची दोरी की गच्चीवरचं पॅनल?

तास-दोन तास लाईन गेली तर खानदेशात कुणी खाटेवरून उठतसुद्धा नाही. प्रश्न असतो तो रोहिणी-मृगाच्या वादळाचा. संध्याकाळी आभाळ काळं होतं, अर्ध्या तासात केळीचे बाग आडवे होतात आणि त्यांच्यासोबत विजेचे खांबही. मग तार कुठे तुटली, खांबावरचा जंप (तारांचा जोड) कुठे गेला, डीपीवर म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर झाड कुठे पडलं, हे शोधण्यातच लाईनमनची रात्र जाते. सकाळी येईल, दुपारी येईल म्हणता म्हणता दुसरी रात्र पडते. रावेर, यावल, चोपड्याकडच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. तसं पाहिलं तर वीज आमच्याकडे कमी पिकत नाही. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे, साक्रीकडे पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरचा सौर प्रकल्पही तिकडेच. पण घरापर्यंत ती यायची तारेवरूनच.

इन्व्हर्टर आता बहुतेक घरांत असतो, म्हणून त्याच्यावर लिहीत नाही. त्याची बॅटरी संपली आणि लाईन अजून आलीच नाही, तर पुढे काय, एवढंच लिहितो. त्याला दोन वाटा आहेत. जनरेटर ठेवा, नाहीतर त्याच बॅटरीला गच्चीवरून सौर पॅनल जोडा. दोन उन्हाळे मी जनरेटर वापरला आणि आता पॅनलचा तिसरा उन्हाळा संपला. मोजमापाची यंत्रं माझ्याकडे नाहीत. घरात काय झालं ते सांगतो.

आधी एक हिशोब, कारण तो केला नाही तर दोन्हीकडचा पैसा वाया जातो. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, शिवाय बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते. तेव्हा हाती येतात अकराशे-बाराशे. जुन्या पद्धतीचे तीन पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, आणि चार बल्ब लावले की साडेचार तासांत खेळ खलास. म्हणजे दहाला झोपलात तर अडीचला घामाने उठायचं. तेच पंखे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले, तीसेक वॅटचे, तर त्याच बॅटरीवर रात्र निघते. मी पंखे सगळ्यात शेवटी बदलले. सगळ्यात आधी बदलायला हवे होते.

आता जनरेटर. तो मला साडूकडून मिळाला. त्यांचा मंडपाचा व्यवसाय आहे आणि त्यांच्याकडे दोन केव्हीएचा एक जास्तीचा पडून होता. त्याच्याबद्दल वाईट बोलायचं तर मला जरा जड जातं, कारण चालू झाला की तो खरंच काम करतो. कूलर चालतो, फ्रीज चालतो, अर्ध्या एचपीची मोटर लावून टाकीही भरता येते. बॅटरीवर कूलर विसरा. ४४-४५ अंशाच्या दुपारी कूलर असणं आणि नसणं यात काय फरक आहे ते जळगाव-भुसावळच्या माणसाला कळतं. पुण्याचे पाहुणे पंखा आहे ना, म्हणतात.

पेट्रोल तासाला लिटरच्या आसपास जातं, लोड कमी असेल तर थोडं कमी. खर्चाचं मी मनाला लावून घेतलं नाही, वर्षातून चार-सहा रात्रींचा तर प्रश्न. मात्र दोन गोष्टी जपाव्याच लागतात. पडवीत किंवा जिन्याखाली तो चालवायचा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणजे ठेवायचा उघड्यावर, आणि लाईन गेलेली असते नेमकी पावसात. दुसरं, चेंजओव्हर स्विच (घर एकतर लाईनवर नाहीतर जनरेटरवर ठेवणारा) बसवल्याशिवाय त्याची वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसायची नाही. तसं केलं तर वीज उलटी डीपीकडे जाते, तिथे तिचे ११ हजार व्होल्ट होतात, आणि तार मेलेली समजून खांबावर चढलेला लाईनमन मरतो. आमच्या गल्लीत हे उद्योग करणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत.

हे सगळं जपता येतं, मीही जपलं. माझं बिनसलं ते दोरीवरून.

दोरी ओढून चालू करायचा जनरेटर ज्याने वापरलाय त्याला कळेल. पेट्रोलची तोटी उघडायची, चोक ओढायचा, एक पाय बुडाशी टेकवून दोरी आधी हळूच घट्ट होईपर्यंत आणायची, मग एकदम हिसका. तीन-चार हिसक्यांत तो खोकतो, मग चोक अर्धा मागे, पुन्हा हिसका. चोक जास्त वेळ ओढलेला राहिला तर पेट्रोल भरून बसतं आणि दहा मिनिटं थांबावं लागतं. चार-पाच महिने नुसता पडून असेल तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा धरतो. मग हिसके मोजायचे नाहीत. कुंपणाच्या भिंतीला घासून माझ्या उजव्या हाताच्या बोटांची सालं दोनदा निघाली आहेत.

मी राहतो फैजपूरला, नोकरी भुसावळला रेल्वेत, आठवड्यातल्या दोन-तीन रात्री ड्युटीवर. दुसऱ्या उन्हाळ्यात मृगाच्या तोंडावर वादळ आलं तेव्हा मी तिकडेच होतो. साडेअकराला बायकोचा फोन.

"अहो, इन्व्हर्टर बोंबलायला लागला. चोक कुठे सरकवू, उजवीकडे की डावीकडे?"

"ओढ, ओढ. तुझ्या बाजूला."

"माझी बाजू कोणती? मी उलटी उभी आहे."

मागून आईचा आवाज, "राहू दे माय, हात मोडशील." आणि फोन बंद. मोबाईलच्या टॉवरचीही बॅटरी असते, तीही संपते. सकाळी घरी पोचलो तर आई ओट्यावर हातपंखा घेऊन, पोरं गच्चीवर डासांत, आणि बायको काही बोलत नव्हती. जनरेटर पाहिला. पेट्रोलची तोटी बंद होती. ती आदल्या रविवारी मीच बंद करून ठेवली होती.

घरातला एकच माणूस चालवू शकतो अशी वस्तू अंधारासाठी ठेवायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. ज्यांचा धाकटा भाऊ किंवा कॉलेजातला मुलगा घरात असतो त्यांना ही अडचण येणारही नाही. बटणावर चालू होणारे जनरेटरही मिळतात. पण त्यांच्या बॅटरीकडे वर्षभर लक्ष ठेवावं लागतं, आणि तेवढं लक्ष माझ्याकडून तोटीवरही राहिलं नव्हतं.

पॅनलचं सांगण्याआधी एक घोटाळा दूर करतो. २०२४च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, आणि गावागावांत गच्च्या निळ्या झाल्या. बिल कमी करायला ते उत्तमच. पण बहुतेकांनी घेतलेलं ते ऑन-ग्रिड, म्हणजे लाईनलाच जोडलेलं असतं, आणि लाईन गेली की तेही बंद पडतं. खांबावरच्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ते मुद्दामच तसं केलेलं असतं. आमच्या शेजाऱ्यांना हे पहिल्याच वादळात कळलं. भर दुपारी, छतावर तीन किलोवॅट आणि घरात विंझणवारा!

मी म्हणतोय ते वेगळं. १६० वॅटची दोन पॅनल, बॅटरी बेताने भरणारा एक चार्ज कंट्रोलर, आणि ते थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीला. बॅटरीच्या किमतीपेक्षा मला थोडं जास्तच लागलं. दिवसभरात साधारण एक युनिट, म्हणजे हजार वॅट-तास पडतं, असं माझ्या वापरावरून वाटतं. बॅटरी काठोकाठ भरते असं नाही, पण रात्र निघेल एवढी भरते. आणि इथेच खानदेशचं हवामान आपल्या बाजूला येतं. रोहिणी-मृगाचं वादळ संध्याकाळी धिंगाणा घालतं आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ऊन पुन्हा डोक्यावर. खांब आडवे असतात तेव्हा ऊन बहुधा असतंच. श्रावणातल्या झडीत दोन-तीन दिवस लाईन गेली तर पॅनल रुसतं, हे कबूल. तेव्हा एकच पंखा आईच्या खोलीत. पण तेव्हा उकाडाही कमी असतो.

लोकांना वाटतं आमच्या उन्हात पॅनल दुप्पट चालेल. तसं होत नाही. पॅनलला उजेड हवा असतो, ताप नको. मेच्या दुपारी ते इतकं तापतं की छापील आकड्यातला सहावा-सातवा भाग तरी गळतो. त्यात केळीच्या बागांची आणि रस्त्याची धूळ. आठवड्याला एकदा सकाळी, पॅनल गार असताना, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. स्टँड मात्र अँगलचा आणि स्लॅबला बोल्टने पक्का हवा, नाहीतर पुढच्या वादळात पॅनल शेजारच्या वाड्यात. मातीच्या छताच्या धाब्याच्या घराला बोल्ट धरत नाही. तिथे अंगणात खांब रोवून त्यावर बसवणारे आहेत.

बॅटरीचं दुखणं वेगळंच. उष्णता तिचं आयुष्य खाते. पंचविशीच्या वर दर दहा अंशाला ते जवळपास निम्मं होतं म्हणतात. म्हणून ती जिन्यातल्या उन्हातून काढून मी मधल्या खोलीत आणली. एप्रिल-मेमध्ये महिन्याला डिस्टिल्ड पाणी बघावं लागतं. लिथियमच्या बॅटरीला पाणी लागत नाही आणि ती लवकर भरते, पण किंमत ऐकून मी पुढच्या वेळी बघू म्हटलं.

मोटर पॅनलवर चालत नाही, हा जनरेटरवाल्यांचा मुद्दा खरा आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, तोड आहे. मे लागला की टाकी दुपारीच भरून ठेवायची, संध्याकाळची वाट बघायची नाही. ज्वारीचं आणि कळण्याचं पीठ चार दिवसांचं दळून आणायचं, कारण गावची चक्कीही त्याच तारेवर असते. आईच्या इन्सुलिनसाठी एका मडक्यात दुसरं मडकं, मध्ये ओली वाळू. फ्रीज बंद असताना आम्ही ते त्यात ठेवतो.

तर ज्यांच्याकडे गुरं आहेत, बोअरचं पाणी रोज काढावंच लागतं किंवा घरात कार्य आहे, त्यांनी जनरेटर जरूर बघावा. बाकी नुसतं घर असेल, म्हातारं माणूस असेल आणि कर्ता माणूस रात्री बाहेर असेल, तर मी आधी पंखे बदलायला सांगेन आणि मग पॅनल. लाईन गेली की आमच्याकडे आता कुणी उठत नाही. आई फक्त विचारते, "गेली का माय लाईन?" आणि कुस बदलते.

जनरेटर मी साडूला परत नेऊन दिला. त्यांनी अंगणात ठेवून दोरी एकदा ओढून पाहिली. पहिल्याच हिसक्यात चालू झाला.