वडिलांसोबत दोन दिवस : प्रतापगड की पावनखिंड?

सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना शनिवार-रविवारी रणभूमी दाखवायची असेल, तर मी प्रतापगडाला कौल देईन. महाबळेश्वरहून निघालेली गाडी गडाच्या पायऱ्यांजवळ पोहोचते, पुढे थांबत थांबत चढता येते आणि बुरुजावरून जावळीचे दाट रान पाहिले, की १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या फौजेची येथे कोंडी का झाली, हे वेगळे सांगावे लागत नाही. माझे वडील तर तटावर हात टेकून बराच वेळ त्या रानाकडे नुसते पाहत राहिले. मन अधिक हेलावते ते पावनखिंडीत, कारण जुलै १६६० मध्ये शिवराय विशाळगडी पोहोचेपर्यंत बाजीप्रभूंनी ही चिंचोळी वाट प्राणपणाने रोखून धरली होती. मात्र तिथली उतरण पावसात निसरडी होते, म्हणून वडिलांचे गुडघे शाबूत असतील तरच, आणि तेही हिवाळ्यात, तिकडे जावे.