ट्रान्झिस्टर की हायपर लाइट ड्रिफ्टर?

दोन्ही व्हिडिओ गेम छोट्या स्वतंत्र स्टुडिओंचे, दोन्ही अतिशय देखणे, आणि दोन्हींतलं मुख्य पात्र मुकं. एकच घ्यायचा असेल तर आधी ठरवा: लढताना डोकं चालवायला आवडतं की हात?

'ट्रान्झिस्टर' सुपरजायंट गेम्सचा, २०१४ सालचा. क्लाउडबँक शहरातली गायिका रेड हिचा आवाज गेलाय. तिच्या हाती आलेल्या भल्यामोठ्या तलवारीत एक माणूस अडकलाय आणि तो तिच्याशी सतत बोलतो. लढाईत एक बटण दाबलं की सगळं थिजतं. कुठे सरकायचं, कुणावर काय सोडायचं हे निवांत आखायचं, मग ते क्षणात घडताना पाहायचं. त्यानंतर काही सेकंद मात्र नुसतं पळत, आडोसा शोधत काढावे लागतात, म्हणून बेत चुकला की महागात पडतं.

खरी श्रीमंती 'फंक्शन' नावाच्या १६ शक्तींत आहे. कोणतीही शक्ती थेट वार म्हणून वापरा, दुसरीला जोडा किंवा अंगभूत गुण म्हणून ठेवा. प्रत्येक शक्तीमागे शहरातलं कुणीतरी माणूस आहे. ती वेगवेगळ्या जागी वापराल तशी त्याची हकिगत उलगडते. मार खाऊन जोर संपला की एक फंक्शन काही काळ निकामी होतं, आणि आवडती जोडी मोडून नवी जुळवावीच लागते. मला हे फार आवडतं. रेडला बोलता येत नसलं तरी गुणगुणता येतं, आणि एक बटण तर फक्त त्यासाठीच आहे. डॅरेन कॉर्बच्या संगीतावर ती सूर धरते तेव्हा मी पुढे जायचं विसरते.

हार्ट मशीनच्या 'हायपर लाइट ड्रिफ्टर'मध्ये (२०१६) संवादच नाहीत. भेटणारी पात्रं आपली कथा चित्रांतून सांगतात. नायक मधेच खोकत रक्त ओकतो. निर्माते ॲलेक्स प्रेस्टन यांना जन्मजात हृदयविकार आहे, आणि ते दुखणं खेळात उतरलंय. इथे थांबून विचार करायला उसंत नाही. तलवारीचे वार लागले तरच बंदुकीत ऊर्जा भरते, म्हणून शत्रूला भिडावंच लागतं. सुरुवातीला खूप मराल, पण जवळूनच पुन्हा उभे राहाल. लपलेल्या वाटा शोधणाऱ्यांना मात्र हाच घ्या म्हणेन.

बाकीच्यांनी आधी 'ट्रान्झिस्टर' घ्यावा. तो काही संध्याकाळींत संपतो, पण जमवलेल्या शक्तींसह पुन्हा खेळता येतो. पीएस४ (प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल) असेल तर तिथेच खेळा: तलवारीतला आवाज हातातल्या कंट्रोलरमधून येतो.