एमएलएस की एमसीएस? एसईलिनक्समध्ये लेबलं कुठली लावायची
सर्व्हरवरच्या फाइलींना गोपनीयतेची लेबलं लावायची तर एसईलिनक्समध्ये (लिनक्समधली, कोणी काय वाचायचं-लिहायचं ते ठरवणारी सुरक्षा यंत्रणा) दोन वाटा, एमएलएस (मल्टी-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे गोपनीयतेच्या पायऱ्या) आणि एमसीएस (मल्टी-कॅटेगरी सिक्युरिटी, म्हणजे वेगवेगळे कप्पे), आणि माझं स्पष्ट मत आहे की तुमच्याकडे खरंच वर-खाली दर्जे नसतील तर एमएलएसच्या नादी लागू नका. त्यात एस० ते एस१५ अशा १६ पायऱ्या असतात, खालच्याला वरचं वाचता येत नाही आणि वरच्याला खाली लिहिता येत नाही, म्हणजे गुप्त मजकूर साध्या फाइलीत सांडत नाही. युजरची रेंज, म्हणजे त्याला कुठल्या पायरीपासून कुठल्या पायरीपर्यंत जाता येईल ते, सेमॅनेज लॉगिन या कमांडने द्यायची, पण ती त्याच्या एसईलिनक्स युजरच्या (लिनक्सचं लॉगिन पॉलिसीतल्या ज्या युजरशी जोडलेलं असतं त्याच्या) रेंजमध्ये बसली पाहिजे, बरेच जण इथेच अडकतात. मी एकदा रेंज वाढवली तरी फाइल उघडेना, तासभर डोकं धरून बसलो, नंतर कळलं की युजरने लॉगआउट करून परत लॉगिनच केलं नव्हतं! शिवाय एमएलएसवर जाताना सगळी डिस्क रीलेबल करायची, म्हणजे प्रत्येक फाइलीला नव्याने लेबल लावायचं, आणि आधी परमिसिव्हमध्ये (यात काही अडवलं जात नाही, फक्त नोंद होते) चालवून लॉग बघायचे.

एमसीएसमध्ये पातळी एकच, एस०, वर सी० ते सी१०२३ कॅटेगरी. अकाउंट्सला एक, एचआरला दुसरी, झालं. कंटेनर (एकाच सर्व्हरवर स्वतंत्र चालणारी ॲप्सची पाकिटं) एकमेकांपासून वेगळे ठेवायला हेच वापरतात. फक्त टार्गेटेड पॉलिसीत (एसईलिनक्सचा नेहमीचा नियमसंच) साध्या युजरना एमसीएस आपोआप अडवत नाही, त्यासाठी पॉलिसीत जोडायचं नियमांचं छोटं मॉड्यूल लिहावं लागतं.