पिनवाल्या स्टार स्क्रूसाठी काय घ्यावं: बिटांचा डबा की लांब दांडीचे सुटे ड्रायव्हर?

ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं स्टीम इस्त्रीत डिस्टिल्ड पाणी ओतायला कुणाचा जीव होतो? आमच्या इस्त्रीत बोअरचंच पाणी जातं. क्षार साचतात, वाफेची भोकं बुजतात आणि एक दिवस ती उघडायची वेळ येते. मागच्या झाकणात डोकवावं तर खोल नळीच्या तळाशी सहा पाकळ्यांचा स्क्रू, अन् त्याच्या बरोबर मधोमध उभी खुंटी. साधा स्टार ड्रायव्हर त्या खुंटीवर टेकतो आणि तिथंच थांबतो.

इथवर येऊन अडकला असाल तर टोकाला भोक असलेला स्टार लागतो, हे तुम्हाला कळलंच असेल. प्रश्न एवढाच की तो डब्यातल्या बिटांच्या, म्हणजे मुठीच्या होल्डरमध्ये बसवायच्या आखूड टोकांच्या रूपात घ्यावा की पक्क्या मुठीचा अख्खा ड्रायव्हर. मी आधी डबा घेतला, वर्षभरानं सुटे घेतले. म्हणजे दोन्हीकडे पैसे घालून झालेत.

डब्याला नावं ठेवणं तसं बरोबर नाही. तीस-बत्तीस बिटा, त्यात पोकळ स्टार लहान-मोठे सगळे, त्रिकोणी, तीन पंखांचा वाय, दोन ठिपक्यांच्या डोक्याला लागणारा दुशिंगी. पोरांची खेळणी, चार्जर, जुना रेडिओ, काहीही समोर आलं तरी डब्यात काहीतरी सापडतंच. शिवाय पोकळ बीट बिनखुंटीच्या साध्या स्टारलाही चालते, त्यामुळं वेगळा साधा संच घ्यायची गरज नाही. स्क्रू वरच, उघड्यावर असेल तर माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती होल्डरची.

बीट असते २५ मिलिमीटर. त्यातली निम्मी होल्डरच्या पोटात जाते. उरलेली बोटाच्या एका पेराएवढीही नाही. आणि होल्डरची मान चांगली जाड, करंगळीएवढी. इस्त्रीचा स्क्रू बसलाय दोन पेरं खाली, नळी अरुंद. होल्डर नळीच्या तोंडाशीच अडतो आणि बीट स्क्रूच्या वर अधांतरी लोंबकळते. डब्यात एक लांबीची जोडदांडी असते, म्हणलं ती लावू. तिचं तोंडही तेवढंच जाड! मग होल्डर बाजूला ठेवला, बीट पक्कडीत धरून खाली सोडली, तर ती निसटून नळीतच पडली. इस्त्री उलटी करून, ठोकून ठोकून बाहेर काढली. मेव्हणे शेजारी बसून बघत होते. ते म्हणाले, ‘‘दाजी, सळई तापवा अन् भोकच मोठं करा की.’’ केलं. स्क्रू निघाला, क्षारही निघाले. आता त्या झाकणाचा कोपरा उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो, आणि बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आवर्जून दाखवते.

लांब दांडीच्या ड्रायव्हरात ही भानगडच नाही. स्टारचं माप टी आणि आकडा असं सांगतात, आकडा वाढला की टोक मोठं. टी-१५ चं टोक ३.२७ मिलिमीटर, टी-२० चं ३.८६. दांडी त्याहून थोडीशीच जाड आणि मुठीपर्यंत एकसारखी. ती सरळ तळाशी जाते. टोक खुंटीवर बसलं की हाताला कळतं, मग अंदाजानं जोर लावता येतो. होल्डरमध्ये बीट किंचित हलते, त्यामुळं बसली की नाही याची मला तरी खात्री वाटत नाही. पोकळ टोकाच्या भिंती मुळातच पातळ. डब्यातली टी-१० ची बीट दुसऱ्याच स्क्रूला पिळून जिलबीसारखी झाली. कदाचित माझंच टोक वाकडं बसलं असेल, कदाचित पोलाद हलकं असेल. मी काही मोजून पाहिलेलं नाही. सुटे तिन्ही मात्र अजून धड आहेत.

सुट्यांचं दुखणं वेगळं. टी-१०, टी-१५, टी-२० असे तीन घेतले तर मला डब्यापेक्षा जास्त पैसे पडले, आणि त्रिकोणी स्क्रू समोर आला की ते तिन्ही नुसते शोभेचे. शिवाय दुकानात नीट बघून घ्यावे लागतात. आमच्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात एकानं ‘‘काका, हाच तो, बसतो’’ म्हणून साधा स्टारच हातात दिला. टोकात सुई आत जाते का, तिथंच बघा. सुई विसरलात तर शर्टाची टाचणी चालेल.

जुगाडाबद्दल दोनच शब्द. बारीक चपटा ड्रायव्हर लावून, हातोडीनं टिचकी मारून खुंटी मोडता येते, मग साधा स्टार चालतो. पण मोडलेला तुकडा कुठं पडेल सांगता येत नाही. इंडक्शनमध्ये तो सर्किटवर जाऊन बसला तर दुरुस्तीची दुरुस्ती. पेनाचं प्लास्टिक वितळवून दाबायची युक्ती खेळण्यांपुरती ठीक. मायक्रोवेव्ह मात्र कुठलंही हत्यार असलं तरी घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीवघेणा झटका देऊ शकतो. आणि गाडीच्या नव्या नंबर प्लेटचं लॉक पुन्हा खोलण्यासाठी बनवलेलंच नाही, तिकडं या हत्यारांनी जाऊच नये.

तर घरात लहान पोरं असतील, खेळणी-चार्जर असलीच कामं जास्त असतील, तर डबा घ्या, पश्चात्ताप होणार नाही. इस्त्री, किटली, मिक्सर अशी स्वयंपाकघराची कामं असतील तर माझा हात आपसूक सुट्यांकडं जातो. तिन्ही एकदम घ्यायची गरज नाही. प्लग काढा, पेन्सिलीच्या मागच्या टोकाला मेणबत्तीचं मऊ मेण लावा, नळीत घालून स्क्रूवर दाबा. पाकळ्यांचा ठसा उठतो, तो दुकानात घेऊन जा. तेवढाही खटाटोप नको असेल तर आधी टी-१५ घ्या, आमच्या इस्त्रीला आणि किटलीला तोच लागला. तुमच्याकडं टी-१० निघाला तर दुकानदार बदलून देईल, फक्त टोकावर ओरखडे दिसू देऊ नका.