पहिली बांधणी कोणती: हेन्रीची लँकेस्टर रायफल की नॉर्थवेस्ट गन?

अमेरिकेतल्या फर-व्यापाराच्या काळची चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणारी, बंदूक स्वतः घडवायची, तर हे दोन नमुने आधी पाहावेत. पेनसिल्वेनियात नाझरेथजवळच्या बोल्टन कारखान्यात जे. जे. हेन्री बनवत ती लँकेस्टर धाटणीची रायफल. जॉन जेकब ॲस्टरच्या अमेरिकन फर कंपनीने 1820च्या दशकात ती व्यापारासाठी घेतली. दुसरी नॉर्थवेस्ट गन: इंग्लंडमध्ये तयार होऊन हडसन बे या ब्रिटिश फर-व्यापारी कंपनीच्या ठाण्यांवर मूळ रहिवाशांना फरच्या मोबदल्यात मिळायची.

दोन्ही ठासणीच्याच, पण स्वभाव वेगळे. रायफलच्या नळीला आतून आटे. कापडात गुंडाळलेली गोळी दूरवर नेमकी जाते. नॉर्थवेस्ट गनची नळी गुळगुळीत, साधारण 24 गेजची (गेज हे नळीच्या व्यासाचं माप). तिच्यातून गोळी आणि छर्रे दोन्ही उडतात, मात्र लांबच्या नेमाची अपेक्षा ठेवू नये. तिच्या चापाभोवतीची कडी ऐसपैस असते, हातमोज्यासकट बोट आत जावं म्हणून.

खरा फरक पटाशी हातात घेतल्यावर कळतो. रायफलच्या मॅपलच्या दस्त्यात गोळीभोवतीच्या कापडाचे तुकडे ठेवायची झाकणवाली पितळी पेटी बसवायची असते. तिथे लाकूड केसभर जास्त गेलं की ती फट कायम डोळ्यांत खुपते. अष्टकोनी नळीची खाचही कोपऱ्या-कोपऱ्यात घट्ट बसायला हवी. नॉर्थवेस्ट गनला पेटी नाही, नक्षी नाही. कुलपासमोरच्या (कुलूप म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा) बाजूची सर्पाकृती पितळी पट्टी तेवढी जपून बसवावी लागते, आणि तिच्यावाचून ती बंदूक नॉर्थवेस्ट गन वाटतच नाही.

म्हणून सुतारकामाला नवखे असाल तर मी बेधडक नॉर्थवेस्ट गन सुचवेन. रायफलवरच जीव जडला असेल तर नळीची खाच आधीच कोरलेला दस्ता घ्या. अखंड फळीपासून सुरुवात नको. पैसे वाचवायचे तर लाकडात वाचवा, कुलपात नाही. गार घासते ती पोलादी पट्टी नीट कडक केलेली नसेल, तर रंजकावर (बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूवर) ठिणग्याच पडत नाहीत.

नेब्रास्कातल्या चॅड्रन गावी फर-व्यापाराचं संग्रहालय आहे. अमेरिकेत असाल तर सामान मागवण्याआधी तिथल्या अस्सल बंदुका पाहून या. अमेरिकेच्या संघीय कायद्यात चकमकीच्या प्रतिकृती सहसा पुरातन गणल्या जातात, म्हणजे नेहमीच्या बंदुकांचे नियम त्यांना लागत नाहीत, पण राज्यांचे नियम निराळे असतात. भारतात मात्र ठासणीची बंदूक बाळगायलाच नव्हे, बनवायलाही परवाना लागतो.